उसनं नाव : कोच 'लोन स्टार' डीट्झची गोष्ट

मंडळी, आपली दसरा-दिवाळीची गडबड चालू असते तेव्हा या देशात दुसराच एक सण रंगात आलेला असतो. तो म्हणजे फुटबॉल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तो मुलांमुळे शिरतो. आधी आपण नाकं मुरडतो ("चेंडू हातात घेऊन पळतात, आणि म्हणे फुटबॉल!"), आणि चार-पाच वर्षांत आपणच सोफ्यावर बसून रेफ्रीला मराठीतून शिव्या घालत असतो. तेव्हा या अंकात फुटबॉलवर लिहायला आम्हाला मुळीच संकोच वाटत नाही. मात्र फर्स्ट डाऊन म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख नाही. ते मुलांना विचारा. हा लेख एका जुन्या कोचबद्दल आहे. त्याचं नाव विल्यम डीट्झ, सगळं जग त्याला 'लोन स्टार' म्हणे. हा माणूस इंडियन होता की नव्हता, या प्रश्नावर एकदा चक्क फौजदारी खटला उभा राहिला होता.

'इंडियन' या शब्दानं आपल्याला इथं किती छळलं आहे, हे काय सांगायला हवं? आपण 'इंडियन' म्हणायचं आणि समोरच्यानं कपाळावर पिसं असल्याची खूण करून "तसले का?" असं विचारायचं, हा प्रसंग जुन्या मंडळींपैकी बहुतेकांवर येऊन गेला आहे. जनगणनेच्या फॉर्मवर 'एशियन इंडियन' अशी आपली वेगळी चौकट आली ती १९८० साली. आपणही काही कमी नाही. शाळेच्या पुस्तकात आपण यांना 'रेड इंडियन' किंवा 'तांबडे इंडियन' म्हणूनच शिकलो, आणि त्यांच्या जमाती किती, त्यांची नावं काय, याची चौकशी कधी केली नाही. असो.

डीट्झचा जन्म १८८४ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या राइस लेक या गावी झाला. वडील जर्मन वंशाचे, आणि काही काळ तिथले शेरीफ होते. आईचं नाव लिअॅना. मुलगा अंगानं धिप्पाड, केस काळेभोर, आणि चित्रकलेत हात चांगला. इथपर्यंत सगळं साधं आहे. गुंतागुंत पुढं सुरू होते.

विशी ओलांडल्यावर हा तरुण पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये दाखल झाला, तो अर्धा सू इंडियन म्हणून. या शाळेबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढच्या गोष्टीला वजन येत नाही. रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८७९ साली एका रिकाम्या छावणीत ही शाळा काढली. मुलांमधला इंडियन नाहीसा करायचा आणि मग उरलेला माणूस वाचवायचा, हे त्याचं उघड धोरण होतं. हजारो मैलांवरून मुलांना आगगाडीनं आणायचे. आल्या आल्या केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचे, घरची भाषा बोलायला मनाई. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती, आणि मुलांच्या हातात छडी देऊन त्यातल्या एकावर टेकवायला सांगत. जिथं छडी टेकली ते त्या मुलाचं नाव. ज्याला ते वाचताही येत नाही, त्यानं स्वतःचं नाव निवडायचं! आपल्यातही श्रीकृष्णाचा 'क्रिस' आणि हरिभाऊंचा 'हॅरी' झालेला आहे, पण तो आपण स्वतःच्या सोयीनं केला. घरी आल्यावर आईनं "श्रीऽऽ" अशी हाक मारली की तो पुसला जातो. त्या मुलांना ती सोय नव्हती.

अशा या शाळेत एक माणूस आपण होऊन, आपलं जर्मन आडनाव असताना, इंडियन म्हणून आला. याचं पहिल्यांदा आम्हाला हसू आलं. नंतर आलं नाही.

कार्लाइलमध्ये त्या वेळी एंजल डी कोरा ही विनेबागो जमातीची चित्रकार शिकवत होती. ही बाई खरोखर मोठी. नेब्रास्कातल्या रिझर्व्हेशनवर लहानाची मोठी होत असताना एक अनोळखी माणूस आला, आगगाडीत बसायला आवडेल का म्हणून मुलांना विचारलं, आणि आईवडिलांना न सांगता त्यांना घेऊन गेला, तो थेट व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेत. पोर कित्येक वर्षं घरापासून तुटली. पुढं ती स्मिथ कॉलेजात शिकली, नामवंत चित्रकारांच्या हाताखाली तयार झाली, आणि १९०६ पासून कार्लाइलमध्ये इंडियन मुलांना त्यांचीच नक्षी, त्यांचेच रंग शिकवू लागली. ज्या शाळेत हे सगळं पुसायचं ठरलं होतं तिथंच! डीट्झ तिच्याहून बराच लहान. दोघांचं लग्न झालं, दोघं मिळून शिकवू लागली, आणि १९११ साली 'यलो स्टार' नावाच्या पुस्तकाची चित्रं दोघांनी मिळून काढली. एकीचं इंडियनपण लहानपणी तिच्याकडून हिरावून घ्यायचा प्रयत्न झाला होता, आणि दुसऱ्यानं ते मोठेपणी अंगावर चढवलं होतं. दोघं एकाच टेबलाशी बसून चित्रं रंगवत होते.

आता खेळाकडे येऊ. कार्लाइलची फुटबॉल टीम हा त्या काळातला चमत्कार होता. कोच होता पॉप वॉर्नर, खेळाडू होता जिम थॉर्प, आणि टॅकलच्या जागी उभा असायचा आपला डीट्झ. ११ नोव्हेंबर १९११ रोजी या शाळेनं हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. आपल्याकडं एखाद्या तालुक्याच्या हायस्कुलानं रणजीतल्या मुंबईला धूळ चारावी, असा तो प्रकार. नंतर डीट्झ वॉर्नरचा मदतनीस झाला. वॉर्नरचे डावपेच, फसवे पास, सिंगल विंगची रचना हे सगळं त्यानं जवळून पाहिलं आणि आत्मसात केलं.

१९१५ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजनं त्याला मुख्य कोच म्हणून बोलावलं. हे कॉलेज पुलमन नावाच्या गावात, गव्हाच्या टेकड्यांमध्ये. (याच कॉलेजात दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतकीशास्त्र शिकत होते, हे आम्हाला या लेखाच्या निमित्तानं ध्यानात आलं. गदर चळवळीतले खानखोजे ते हेच. डीट्झची आणि त्यांची गाठ पडण्याचा संभव नाही, पण त्याच टेकड्यांवर एक मराठी माणूस मक्या-गव्हाचा अभ्यास करत होता आणि रात्री क्रांतीचे बेत आखत होता, हे वाचून बरं वाटलं.) डीट्झनं त्या मामुली टीमचं रूप पालटून टाकलं. त्या हंगामात सातही सामने जिंकले. सात सामन्यांत मिळून २०४ गुण केले आणि दिले फक्त १०. सातवा सामना १ जानेवारी १९१६ चा, पॅसाडेनामधला. पावसानं चिखल झालेला. समोर पूर्वेकडची ब्राउन युनिव्हर्सिटी. वॉशिंग्टन स्टेटनं १४-० असा विजय मिळवला. त्या मैदानावर १९०२ साली एक सामना होऊन मग तो बंद पडला होता. १९१६ पासून दरवर्षी होऊ लागला, आणि त्यालाच आज आपण 'रोझ बोल' म्हणतो. ब्राउनच्या बाजूनं खेळत होता फ्रिट्झ पोलार्ड, रोझ बोलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हे नाव लक्षात ठेवा, पुढं एकदा लागणार आहे.

पुलमनमध्ये तीन हंगामांत १७ विजय, २ पराभव आणि १ बरोबरी. डीट्झ गावाचा लाडका झाला. रेशमी टोपी, झुलता कोट अशा थाटात मैदानावर यायचा. कधी अंगावर सू पोशाख. तो जे सांगे ते लोक ऐकत, कारण टीम जिंकत होती. टीम जिंकत असली की कोचची वंशावळ कोण तपासतो!

तपासली ती सरकारनं. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती सुरू झाली. तेव्हा सगळे इंडियन अमेरिकेचे नागरिक नव्हते. तो सरसकट कायदा १९२४ साली झाला. नागरिक नसलेल्या इंडियनाला भरतीतून सूट होती. डीट्झनं आपली नोंद 'रिझर्व्हेशनवर जमिनीचा हिस्सा असलेला, नागरिक नसलेला इंडियन' अशी केली. गंमत म्हणजे १९१८ च्या हंगामात तो मेअर आयलंडच्या मरीन सैनिकांच्या टीमचा कोच होता, आणि १ जानेवारी १९१९ ला हीच टीम घेऊन तो पुन्हा रोझ बोलमध्ये उतरला. ग्रेट लेक्स नौदलाच्या टीमनं त्यांना १७-० नं हरवलं. म्हणजे सैनिकांना खेळवणारा माणूस स्वतः सैन्यातून सूट घेऊन बसलेला! महिन्या-दोन महिन्यांत त्याच्यावर खोटी नोंद केल्याचा आरोप दाखल झाला.

सरकारी तपासात जे बाहेर आलं ते असं. पाइन रिज रिझर्व्हेशनवरच्या ओग्लाला सू कुटुंबातला जेम्स वन स्टार नावाचा एक माणूस पुष्कळ वर्षांपूर्वी घरातून गेला होता, तो परत आलाच नव्हता. डीट्झनं त्याचं नाव घेतलं. 'वन स्टार'चं 'लोन स्टार'. हा वन स्टार त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता, पण एवढ्यानं अडलं नाही. इतकंच करून डीट्झ थांबला नाही. वन स्टारची बहीण सॅली ईगल हॉर्स हयात होती. तिच्याशी त्यानं पत्रव्यवहार ठेवला.

जून १९१९ मध्ये स्पोकेनच्या कोर्टात खटला उभा राहिला. साक्षीसाठी सॅली ईगल हॉर्स आली. जो भाऊ गेला तो गेलाच, अशी मनाची तयारी केलेल्या बाईला इतक्या वर्षांनी भावाच्या नावाची पत्रं येतात. ती कोर्टात येते, समोर उभा असलेला माणूस पाहते. पाहताक्षणी तिला कळलं की हा आपला भाऊ नव्हे. तसं तिनं कोर्टात सांगितलं.

डीट्झच्या बाजूनं उभी राहिली त्याची आई लिअॅना. तिनं शपथेवर सांगितलं की तिचं स्वतःचं मूल मेलेलं जन्मलं, आणि थोड्याच दिवसांत नवऱ्यानं एका इंडियन बाईपासून झालेलं आपलं मूल घरी आणलं. तेच हे पोर, आपण वाढवलेलं. मुलाला वाचवण्यासाठी आईनं आपल्या बाळंतपणाची आणि संसाराची लक्तरं चारचौघांत मांडली. ती खरं बोलत होती की नाही, हा वेगळा प्रश्न. कारण बाकीच्या साक्षी उलट होत्या. राइस लेकचे लोकच नव्हेत, तर तिची सख्खी आई, म्हणजे डीट्झची आजी, सुद्धा हे लिअॅनाच्या पोटचंच मूल आहे असं म्हणत होती.

कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा आणखीच बारीक होता. डीट्झ इंडियन आहे की नाही, हे ज्यूरीला ठरवायचं नव्हतं. आपण इंडियन आहोत असं तो मनापासून मानत होता की नाही, एवढंच ठरवायचं होतं. आता माणसाच्या मनात काय आहे हे कुठल्या काट्यावर तोलणार? ज्यूरीचं एकमत झालं नाही. सरकारनं लगेच दुसऱ्यांदा आरोप ठेवले. तोपर्यंत डीट्झपाशी वकिलाला द्यायलाही पैसे उरले नसावेत. त्यानं आरोपांना विरोध केला नाही, आणि १९२० मध्ये तीस दिवस स्पोकेन काउंटीच्या तुरुंगात काढले.

एंजल डी कोरा हा खटला पाहायला नव्हती. दोघांचा घटस्फोट १९१८ च्या अखेरीस झाला, आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथं ती गेली.

इथं आपल्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९१८ सालीच, याच वॉशिंग्टन राज्यात, कॅम्प लुईसच्या छावणीत भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी शीख अमेरिकन सैन्यात होता. त्यानं सूट मागितली नाही, गणवेश घातला. त्या डिसेंबरात त्याला नागरिकत्व मिळालं, आणि चार दिवसांत काढून घेतलं. तो लढत राहिला. १९२३ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला 'गोरा' समजतो त्यात हा बसत नाही, सबब नागरिकत्व नाही. आता गंमत पाहा. स्पोकेनच्या कोर्टात विचारत होते, हा स्वतःला काय समजतो? आणि सुप्रीम कोर्टात विचारत होते, लोक याला काय समजतात? थिंदला नागरिकत्व टिकलं ते अखेर १९३६ साली.

तुरुंगातून सुटल्यावर डीट्झ संपला असं समजू नका. तो पर्ड्यूला कोच झाला, आणि खेळाडू जमवण्याच्या नियमबाह्य प्रकारांबद्दल तिथून त्याला काढलं. त्यानंतर लुइझियाना टेक, वायोमिंग, कॅन्ससमधली हॅस्केल ही इंडियन संस्था, असा त्याचा प्रवास. सगळीकडे 'लोन स्टार' हेच नाव. तुरुंगवासाची बातमी वर्तमानपत्रांत छापून आली होती, पण लोकांना ती आठवायची नव्हती.

१९३३ मध्ये बोस्टनच्या व्यावसायिक टीमचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यानं त्याला बोलावलं. टीमचं नाव तोपर्यंत 'ब्रेव्ह्ज' होतं. त्या वर्षी मैदान बदललं, आणि नाव झालं 'रेडस्किन्स', शब्दशः 'तांबड्या कातडीचे'. डीट्झ तिथं दोन हंगाम राहिला. ११ विजय, ११ पराभव, २ बरोबरी, म्हणजे जमाखर्च जुळला. टीम १९३७ मध्ये वॉशिंग्टनला गेली, आणि नाव सोबत गेलं.

हे नाव अपमानकारक आहे म्हणून इंडियन मंडळी कित्येक वर्षं ओरडत होती. सुझन हार्जो आणि इतरांनी १९९२ मध्ये ट्रेडमार्कविरुद्ध दावा लावला. त्यावर टीमवाल्यांचं ठरलेलं उत्तर काय, तर हे नाव आमच्या इंडियन कोचच्या सन्मानार्थ ठेवलं आहे! ज्याला इंडियन असण्याचा खोटा दावा केल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं, त्याच्या सन्मानार्थ! आणि यावरही कडी अशी की मार्शलनं स्वतः १९३३ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्राला सांगून टाकलं होतं की आमचा कोच इंडियन आहे आणि टीममध्ये काही इंडियन खेळाडू आहेत, पण नाव काही त्यामुळे सुचलेलं नाही. ही जुनी बातमी २०१४ मध्ये पुन्हा उजेडात आली. म्हणजे ऐंशी वर्षं जो सन्मान सांगितला जात होता, त्यात सन्मान करणाराही नव्हता आणि सन्मानाला पात्र इंडियनही बहुधा नव्हता. हाच मार्शल आपल्या टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला १९६२ पर्यंत तयार नव्हता, सगळ्या लीगमध्ये शेवटचा. आणि तो फ्रिट्झ पोलार्ड? तो १९२१ मध्येच याच लीगच्या पूर्वावतारात कोच होऊन गेला होता. अखेर २०२० च्या जुलैमध्ये 'रेडस्किन्स' हे नाव गेलं. दोन वर्षं नुसती 'वॉशिंग्टन फुटबॉल टीम', आणि २०२२ पासून 'कमांडर्स'.

मग डीट्झ होता तरी कोण? आम्ही पेशानं रसायनाचे. बाटलीवरचं लेबल वाचून आत काय आहे हे सांगायचं नाही, एवढं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं. आमचं मत विचाराल तर, तो जेम्स वन स्टार नव्हता, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. सॅली ईगल हॉर्सच्या साक्षीपुढं दुसरा पुरावा लागत नाही. लिंडा वॅगनर या संशोधिकेनं सगळे कागद खणून काढून या खोट्याची साखळी मांडली आहे, आणि ती वाचल्यावर आम्हाला तरी तो गोराच वाटतो. आईची गोष्ट खरी धरली तरी तिच्यात इंडियन आई विस्कॉन्सिनची आहे, पाइन रिजची नव्हे. म्हणजे त्या गोष्टीनंही वन स्टारचं नाव त्याचं होत नाही.

पण तेवढ्यावरून त्याला नुसता भामटा म्हणून सोडून देता येत नाही. खटल्यासाठी त्यानं सोंग आणलेलं नव्हतं. भरती सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीपासून तो तसाच जगत होता, आणि तुरुंगातून सुटल्यावर चव्वेचाळीस वर्षं तसाच जगला. हॅस्केलमध्ये इंडियन मुलांना त्यानं मनापासून शिकवलं. कोच म्हणून तो खरोखर चांगला होता. २०१२ मध्ये त्याची कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, ती त्या कामासाठी. ती आम्हाला योग्यच वाटते. जे चूक वाटतं ते एवढंच की नाव हवंच होतं तर त्यानं कोरं नाव घ्यायला हवं होतं. खानखोज्यांनीही महायुद्धाच्या काळात इराणात इराणी माणसाचं सोंग घेतलं होतं, पण त्यांनी कुणाच्या बहिणीला पत्रं लिहिली नाहीत.

मुख्य कोच म्हणून शेवटची नोकरी त्यानं पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग इथं ऑलब्राइट कॉलेजात केली, आणि त्याच गावात २० जुलै १९६४ रोजी तो वारला. दुसरी बायको डोरिस सोबत होती. पैसा काहीच नव्हता. थडग्याचा दगड जुन्या सवंगड्यांनी वर्गणी काढून बसवला. त्यावर जन्मस्थळ कोरलं आहे साउथ डकोटा, म्हणजे सू लोकांचा मुलूख. राइस लेक नव्हे.

पेनसिल्व्हेनियाकडे जाणाऱ्या मंडळींसाठी थोडी माहिती. गेटिसबर्ग किंवा हर्शीला आपण पाहुण्यांना घेऊन जातोच, तिथून कार्लाइल फार लांब नाही. शाळा १९१८ मध्ये बंद झाली. त्या आवारात आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे. शाळेत असताना दगावलेल्या मुलांची दफनभूमी तिथं आहे. १९२७ मध्ये ती मूळ जागेवरून हलवली, आणि २०१७ पासून लष्कर एकेका मुलाचे अवशेष त्यांच्या जमातीकडे परत पाठवत आहे. काही दगडांवर नाव नाही, नुसतं 'अज्ञात' लिहिलं आहे. मुलांना अवश्य दाखवा. लष्करी जागा असल्यामुळे आधी फोन करून चौकशी करावी, आणि गाडीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी आपलं फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवावं.